रेफर्ड बाय

रजा संपली त्या सोमवारी
धंतोलीतल्या लॅबचं शटर अर्धंच वर होतं.
वाकून आत शिरले,
तर पोटावरची शिवण अजून ओली असल्यासारखी ओढली गेली.
बाकी कुणी काही विचारलं नाही.

सहा महिन्यांत फारसं बदललं नव्हतं.
तीच खुर्ची, कोपराखाली तीच रेक्झिनची फाटकी उशी,
स्पिरिटचा वास आणि कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा.
बारकोडचं मशीन तेवढं नवं.
आणि सुई धरणारा हात
रात्री तीनदा उठलेला.

"मूठ घट्ट करा."
"आता सोडा."
दिवसातून साठ जणांना सांगते.
साठ मुठी सुटतात.
माझी पर्सच्या पट्ट्यावर, मेट्रोच्या दांड्यावर,
मोबाइलवर, ज्यात सासूबाईंचे मेसेज येतात:
झोपली.
उठली.
वरणाचं पाणी घेतलं दोन चमचे.
रडली नाही फार.
या 'फार'वर मी काँग्रेसनगरपासून
छत्रपती चौकापर्यंत विचार करते.

दुपारी दीडला रेकॉर्ड रूमची कडी आतून.
जुन्या रजिस्टरांच्या गठ्ठ्याला पाठ टेकवून
पंप लावते. तो घरघरतो.
बाहेरून संदीपान विचारतो,
"मॅडम, मिक्सर लावला काय आत?"
मी हो म्हणते. दुसरं काय म्हणणार.
बाटलीवर सवयीनं लेबल चिकटवते,
नाव, वेळ, वय,
आणि 'वय'पाशी पेन थांबतं.
कुणाचं?

मेचा तिसरा आठवडा.
रस्त्यावर डांबर मऊ झालेलं, पेशंट नाहीत,
गजभिये ताई रुमालानं मान पुसत म्हणाल्या,
"काहून वं, अशी पांढरीफटक दिसून राहिली?"
"ऊन हो, ताई."
"उन्हानं माणूस लाल होते. पांढरं नाही होत.
बस तिथं."

नऊ वर्षांत पहिल्यांदा
मी त्या खुर्चीत या बाजूनं बसले.
इथून छताचा पंखा वाकडा दिसतो,
हे साठ जणांपैकी कुणी कधी बोललं नाही.

"मूठ घट्ट कर."
केली.
"सोड आता."

सुटेना.

"सोड ना वं.
कोन हिसकून नेऊन राहिलं तुह्यापासून?"

मग हसू आलं, मग दुसरं काही तरी आलं,
आणि त्या गडबडीत कधीतरी मूठ उघडली.
नळीत रक्त चढताना मी पाहत होते,
इतरांना मी तोंड फिरवायला सांगते.

आठ पूर्णांक चार.
असे आकडे मी रोज ठळक करून छापते,
मागे लाल बाण लावते, पाकिटात घालते,
पाकिटाला थुंकी लावत नाही, पाणी लावते.
हाही छापला.
नाव: शर्वाणी डोंगरे.
वय: एकतीस. (हं. माझं.)
पाठवणाऱ्या डॉक्टरांच्या रकान्यात
कॉम्प्युटरनं आपलं आपण भरलं,
रेफर्ड बाय: सेल्फ.

मी ते दोनदा वाचलं.
कुणी न पाठवता आलेल्यांना
आम्ही काउंटरवर असंच लिहितो,
इतकी वर्षं मला वाटायचं
त्या रकान्यात काही नसतं.

संध्याकाळी लोहाची गोळी पर्समध्ये,
पावती नाही, रिपोर्ट नाही, गोळीच.
स्टेशनखाली उसाच्या चरकावर थांबले.
लिंबू जास्त, बर्फ नको.
उभ्यानं नाही प्यायले,
रसवाल्यानं लाकडी स्टूल पुढे सरकवलं त्यावर बसून,
सगळा ग्लास, तळाचा फेससुद्धा.
वरच्या फलाटावर एक गाडी आली.
दारं उघडली असतील. मिटली असतील.

मोबाइल थरथरला.
उठली. दाराकडे पाहून राहिली.

मी 'निघाले' लिहिलं.
पुसलं.
'बसले आहे' लिहिलं.
'पुढच्या गाडीनं येते.'

तिकडून बराच वेळ काही आलं नाही.
मग आलं:
बस.