साठ थाऊ

नदाफच्या शेडमध्ये दोन ब्लॉक मांडलेत
आणि मी तिसऱ्याकडेच बघतोय:
माझ्या लान्सरचा जुना,
ज्याच्या कुशीतून गेल्या महिन्यात रॉड बाहेर आला.
मुठीएवढं भोक.
त्यातून अक्कलकोट रोड दिसतो,
एक म्हैस, एक टमटम, चादरींचे गठ्ठे नेणारा टेम्पो.
टर्बोची हौस मला, शिक्षा त्याला.

पहिला फोमच्या पेटीतून निघाला.
अ‍ॅल्युमिनियमच्या अख्ख्या ठोकळ्यातून कोरलेला,
अंगावर कटरचे बारीक वळ,
इतका हलका की मी एकटाच त्याला फिरवून फिरवून पाहिलं.
बसवंत कुडल म्हणतो, हजार घोडे सोसेल.
मी विचारतो, पाण्याच्या वाटा कुठायत?
तो हसतो. नाहीतच.
भरीव ठेवलाय, मजबुतीसाठी.
शर्यत बारा सेकंदांची, नागन्ना,
बारा सेकंदांत कुणाला तहान लागते?

आता हे बोलावं कुठं,
तर नळाला पाचव्या दिवशी पाणी येणाऱ्या गावात,
मेच्या दुपारी,
डोक्यावरचा पत्रा कडकड वाजत असताना.
तेराव्या सेकंदाला काय करू, बसवंत?
गाडी खांद्यावर टाकून विजापूर रोडनं घरी येऊ?

दुसरा लोखंडी.
नवाच, ओतीव, काळपट,
कोपऱ्यांत साच्याची वाळू तशीच.
तिघांनी उचलला
आणि तीन भाषांतल्या शिव्या एकदमच बाहेर पडल्या.
क्रँकच्या प्रत्येक कॅपला चार बोल्ट,
जुन्याला दोनच होते.

नदाफला घाई नसते.
दोन सिलिंडरमधल्या अरुंद भिंतीवर रॉकेल सोडतो,
पुसून घेतो, वर चुना फासतो.
चीर असेल तर पांढऱ्यावर ओली रेघ उमटते.
चहा येतो. चहा संपतो.
रेघ उमटत नाही.
मग हातोडीचा हलका टोल, कान जवळ नेऊन,
"बोलालाय की बे," म्हणतो.

वडील मिलमध्ये सूत मोजायचे, काउंटनं.
नदाफकडं सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग,
तोही इथं फार ढोबळ,
इथला हिशेब थाऊचा.
लहानपणी मला दोन्ही सुतं एकच वाटायची.
वाटायचं, लोखंड तुटलं
तरी कुठंतरी गाठ मारता येत असेल.

"भिंत जाड आहे," नदाफ गेज पुसत म्हणतो,
"आत्ता मापात आणून देतो.
पुढं खराब केलास तर वीस थाऊ बोअर.
मग चाळीस.
मग साठ.
साठनंतर माझ्या दारात आणू नको."

म्हणजे तीनदा चुकता येईल.
लूम घेतला तेव्हा असं कुणी सांगितलं नव्हतं,
विकला तेव्हाही नाही.

हे शहाणपण वगैरे नाही हं.
गाडीचं नाक जड होणार.
तो हलका ब्लॉक कुडलचा भाचा नेणार
आणि मला हरवणार, अर्ध्या सेकंदानं,
कदाचित जास्तच.
त्याचे मागचे दिवे मला आत्ताच दिसतायत.
तरी पैसे मोजताना हात थांबला नाही.

रात्री ब्लॉक घरात,
जिथं लूम होता तिथं,
फरशीत अजून बोल्टांची चार भोकं आहेत.
भार्गवी विचारते, ही बारकी वाट कशाची?
तेलाची. आत वाळू राहिली तर इंजिन जातं.
ती गुडघ्यांवर बसते,
बाकीची भोकं बोटांनी दाबते, 
डोळे मिटून फुंकते.
मी दुसऱ्या टोकाला तळहात धरलाय.

काही नाही.
"अजून," मी म्हणतो.

थोडी वाळू.
मग तिचा श्वास,
शेंगाचटणीच्या वासाचा.