उजवी तीन, कापू नको

मेहरूच्या डावीकडे मी बसायचे,
मांडीवर दोनशे पानी वही, हेल्मेटात माईक.
फोटो तिचे निघायचे. साहजिकच.
माझं काम, वळण यायच्या आत
ते बोलून टाकायचं.

शंभर. डावी चार, माथ्यावरून.
लागून उजवी तीन. कापू नको, आत चिरा.

बाकीच्यांच्या वहीत नुसतं 'दगड' असायचं.
मेहरुन्निसा सोलकर नाट्याच्या सड्यावर
चिरेखाणीत गाडी शिकली, बापाच्या ट्रकवर,
बुडाखाली उशी, उशीखाली अजून एक उशी.
कातळावरच्या तांबड्या भुकटीत
ब्रेक मारला की ट्रक ऐकत नाही, हे तिला
अकराव्या वर्षी ठाऊक होतं.
"मागचं सरकलं की भांडायचं नाय, बाय.
सरकू द्यायचं. मग हळूच तोंड फिरवायचं."
नवऱ्याबद्दलही ती हेच म्हणायची,
पण ते बरंच नंतर.

पहिल्या रॅलीत आम्ही शेवटून दुसऱ्या.
शेवटच्याची गाडी सुरूच झाली नव्हती.
दुसऱ्या वर्षी आडिवऱ्याच्या उतारावर सायलेन्सर पडला
आणि आवाजाने वाडीच्या वाडी
हातातलं काम टाकून बांधावर आली.
एका म्हातारीने हात जोडले,
कुणाला, ते कळायच्या आत ती मागे गेली.
तिसऱ्या वर्षी महिला गटात पहिल्या.
मेहरूने चषकावरची अक्षरं वाचली,
आयोजकांना विचारलं, एकूणात कितवी?
ते कागद चाळत राहिले. सातवी.
राजापुरात सोनाराकडून तिने
चषकाच्या बुडाशी सात कोरून घेतला.

साठ. उजवी दोन, आवळत जाते. पुढे साकव.

दारावर नावं होती : रत्नागिरीचा टायरवाला,
जैतापूरचा बर्फ कारखाना.
खालाच्या दोन बांगड्या इंजिनात गेल्या.
तिचं नाव रंगवायला घेतलं तर म्हणाली,
माझं नाव कशाला उन्हात फिरवता.

पाचव्या वर्षी मी चुकले.
घामाने पानं चिकटली, दोन एकदम उलटली.
मी म्हटलं, डावी पाच, पूर्ण सोड.
तिने सोडली. माझ्यावर विश्वास होता म्हणून सोडली.
तिथे डावी पाच नव्हती.
काजूच्या बागेत पट्ट्यांना उलट्या लटकलेल्या आम्ही,
पेट्रोलचा वास, फुटलेल्या बोंडांचा वास,
कुठलंतरी चाक अजून फिरतंय.
तिचं मनगट मला दिसत होतं. तसं मनगट नसतं.
आणि ती म्हणाली, "बाय, पुढचं वाच."

सळई घालून ती आणखी तीन हंगाम पळाली.
मीही. का नेलं मला, मी विचारलं नाही.
मग स्पॉन्सर गेले, बाप गेला,
गाडी पुण्याच्या एका पोराने घेतली.
आता खाणीचे तीन ट्रक तिचे.
एक ती स्वतः चालवते.

परवा एसटी चुकली, तिने ट्रकमध्ये घेतलं.
रस्ता रुंद झालाय. साकवाच्या जागी पूल.
माझी वही आता कुठल्याच रस्त्याची नाही.
तरी माथा आला तसं तोंडातून गेलंच :
लागून उजवी तीन. कापू नको, आत चिरा.

तिथे ना तीन उरलीय, ना चिरा.
मेहरू काही बोलली नाही.
गिअर खाली घेतला,
बाहेरून, लांबून वळवला भरलेला ट्रक.