फुटतुटीची वही

ये, आत ये. दारात उभं राहून
कुणाला रसायनशास्त्र आलेलं नाही.
उद्यापासून चप्पल नको, बूट घाल,
नवं कोण, जुनं कोण, ॲसिडला कळत नाही.

मी धाकू. सगळे मामा म्हणतात.
एकतीस वर्षं माटुंग्याच्या या तिसऱ्या मजल्यावर
ब्यूरेट देतो, ब्यूरेट परत घेतो.
बोटांवरचे काळे डाग बघतेस ना?
सिल्व्हर नायट्रेट. साबणाला दाद देत नाहीत,
कातडी बदलते तेव्हाच जातात.

सभागृहात तुम्हाला बरंच सांगितलं असेल,
पडद्यावर, बाणबिण दाखवून.
मी आपलं खिडकीतून दिसतं तेवढं सांगतो.

खाली इडलीवाल्याशेजारी झेरॉक्सचं दुकान आहे.
तिथे मागच्या वर्षीची जर्नलं मिळतात,
साठ रुपयांत, आकृत्यांसकट.
घेऊ नकोस म्हणणार नाही, सगळेच घेतात.
रीडिंग मात्र स्वतःचं लिही.
चाळीस जणांचं दहा पूर्णांक दोन आलं
आणि तुझं अकरा पूर्णांक चार,
तर अकरा पूर्णांक चारच लिही.
कानिटकर मॅडम चष्मा वर करून विचारतील, "का गं?"
त्या "का गं"चीच तर फी भरलीय घरच्यांनी.

आणि रीडिंग घेताना वाकायची लाज नको.
डोळा पाण्याच्या रेषेला आण.
वरून बघणाऱ्याला कमीच दिसतं,
ब्यूरेटमध्येही.

वसईहून एक सिसिलिया डाबरे यायची.
मोकळा तास मिळाला की
भूगर्भशास्त्राच्या वर्गात जाऊन बसायची,
शेवटचा बाक, मांडीवर डबा.
तिचा विषय नव्हता. कुणी उठवलं नाही.
पुढे तिचं काय झालं मला ठाऊक नाही,
नोकरीबिकरी, काही कळलं नाही.
पण दगडांबद्दल बोलताना तिचा चेहरा असा व्हायचा
की मी हातातला ट्रे खाली ठेवून ऐकायचो.

इंग्रजी अडतं? अडू दे.
मराठीत विचार, खुणा करून विचार,
माझ्यापाशी विचार. प्रत्येक तास
मी एकतीसदा ऐकलाय, फुकट.

आता ही वही. फुटतुटीची.
जे फुटेल ते इथे, नाव, रोल नंबर, रक्कम.
वर्षअखेरीला डिपॉझिटमधून कापतात.
काही पोरांच्या नावापुढे तीन वर्षांत एकही ओळ नाही.
त्यांचं कौतुक होतं. मला त्यांची काळजी वाटते,
काचेला हात लावला की नाही त्यांनी?

एक पान दाखवतो. हे कुणाला दाखवत नाही.
सत्त्याण्णव साल. दोन लिटरचा फ्लास्क.
हर्षल तांडेल, रोल नंबर ब्याऐंशी, दोनशे दहा रुपये.
तो फ्लास्क माझ्या हातून फुटला होता.
पगार थोडा, धाकट्याचं आजारपण,
आणि पोरगा वरळी कोळीवाड्याचा, गप्प गप्प असणारा.
मी वही पुढे केली. त्याने एकदा ओळीकडे पाहिलं,
एकदा माझ्याकडे,
आणि सही केली.

त्याला सगळं कळलं होतं, हे मला त्याच दिवशी कळलं.
दोनशे दहा रुपये मी पुढे तीनदा पाकिटात घातले.
तो दुसऱ्या वर्षाला आलाच नाही.

म्हणून सांगतो. सही करण्याआधी वाच.
तुझं नसेल तर म्हण, माझं नाही.
समोर मामा असो नाहीतर प्राचार्य,
आवाज चिरकला तरी म्हण.
आणि तुझं असेल तर
पेन मागून घे, कुणी शोधत येण्याआधी.

बस, झालं. रांग वाढलीय तुझ्यामागे.
ही घे ब्यूरेट, सतरा नंबर.
चीर आहे का बघून घे.
नाही, मी पाहिलीय सकाळी,
पण तू बघ.
उजेडात धर. फिरव. सावकाश.