तेविसाव्याच्या पोटात

महिन्याच्या पहिल्या बुधवारी
सायकल-दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत
आम्ही जमायचो. सहा-सात डोकी,
एक प्रोजेक्टर, बावोनं ऑफिसातून न विचारता आणलेला,
आणि कोळंबीचे क्रोकेट.
ते नियमावलीवर ठेवू नका, असं टीने दर वेळी बजावायची
आणि नियमावलीच्या पानापानावर
तेलाचा एक गोल उमटलेला असायचाच.

आम्ही तिथं काय करतो
हे अख्ख्या ओस्टेंडमध्ये कुणाला कळलं नव्हतं.
माझ्या बायकोला वाटे, पत्ते कुटतो.
मी सांगायचो, उघडलेला टॅग बंद करायचा असतो.
ती म्हणायची, मग न्हाणीघरातला दिवाही.

मार्चात गोडेलीव्ह आली.
सत्तरीपुढची, शाळेतून निवृत्त,
जिना चढून आल्यावर आधी खुर्ची मागणारी.
पिशवीत वही. वहीत धक्क्यावरच्या दगडावरची नावं,
गुडघे टेकून उतरवून घेतलेली:
समुद्रात राहिलेले, क्रमांकानं.
पानही तिनंच बनवलं होतं, पुस्तकात बघून.

व्हॅलिडेटरनं एक्केचाळीस चुका काढल्या.
'इतक्या तर मी कुणाच्या वहीत काढल्या नव्हत्या,'
ती म्हणाली, आणि लाल पेन शोधू लागली.

चाळीस तासाभरात मिटल्या.
राहिली ती एकच.
तेविसाव्या नावाखाली दगडावर एक ओळ आहे:
चार वर्षं बंदर बंद. कुणी गेलं नाही, कुणी बुडालं नाही.
त्यानंतर चोविसावा.

आता, यादीच्या पंगतीत नगच बसतात.
मोकळ्या परिच्छेदाला तिथं पाट मांडत नाहीत.
म्हणून वान्नेसनं यादी बंद केली,
ओळ लिहिली, नवी यादी उघडली,
आणि पडद्यावर चोविसावा कामील
पहिला झाला.

'चोविसापासून मोज, असं सांगता येत नाही का याला?'
'यायचं. काटेकोर नियमांत ते काढून टाकलंय.'
'का?'
'आकडा म्हणजे नुसतं दिसणं,' बावो म्हणाला,
'आणि दिसणं वेगळ्या फायलीत ठेवायचं.'

गोडेलीव्हनं वही मिटली.
'कामीलची बहीण दर नोव्हेंबरात
चोविसापाशी फूल ठेवायची.
नाव वाचता येत नव्हतं तिला.
आकडा येत होता.'

बराच वेळ
प्रोजेक्टरचा पंखा तेवढा बोलत राहिला.
बावोनं एक क्रोकेट उचलला, परत ठेवला.
नियमावलीवर.

मग टीने, कुणाकडे न बघता:
'नगाच्या पोटात परिच्छेद चालतो.'
तेविसाव्याचा टॅग मिटायच्या आत
तिनं ती ओळ आत सारली,
चार वर्षं, बंदर, न बुडालेले सगळे.
खाली चोविसावा चोविसावाच.
हिरवी पट्टी.

टाळ्या वाजवायला हात उचलले होते,
तेवढ्यात मी बोलून गेलो,
'पण आता ती चार वर्षं एकट्या तेविसाव्याची झाली.
दगडावर ती कुणाचीच नव्हती.'

हे खरंच होतं. टीनेनं माझ्याकडे असं पाहिलं
की मी तो महिना पुन्हा काही सुचवलं नाही.

गोडेलीव्ह चष्मा पुसत होती.
'सेराफिन,' ती म्हणाली. 'आईचा थोरला भाऊ.
मी पाहिलेला नाही. आई सांगायची, गप्प माणूस,
दुसऱ्याचं ओझं न सांगता उचलणारा.
राहू दे त्याच्याकडे.'

पुढं नियम बदलले. आकड्याला पुन्हा आत घेतलं.
वान्नेसचा निरोप आला: आता यादी मधून तोडून
चोविसापासून धरता येईल, रीतसर.
गोडेलीव्हला जाऊन तोवर दोन हिवाळे झाले होते.

रात्री मी फाइल उघडली.
कर्सर तेविसाव्याच्या शेवटी नेला.
'बुडालं नाही' पाशी तो
उघडमीट करत राहिला.

काही न बदलता फाइल बंद केली.
आणि न्हाणीघरातला दिवाही.