येतो

पंचगंगेच्या स्मशानात कारकुनानं नाव विचारलं.
आजोबा म्हणाले, 'शालन.'
त्यांच्या तोंडून तिचं नाव
मी पहिल्यांदा ऐकलं.
पुढचं बाबांनी सांगितलं: शालन केरबा सुतार, वय एकोणऐंशी.
व्यवसाय? गृहिणी.
आजोबांच्या शर्टाचं गळ्याजवळचं बटण उघडं होतं.

ते बटण तीच लावायची.
उद्यमनगरात बँडसॉवर त्यांची दोन बोटं गेली
तेव्हा बाबा बालवाडीत होते.
तेव्हापासून रोज आठला, तव्यावर भाकरी फुगत असताना
पिठाचे हात पदराला पुसून
खालून वर, सहा बटणं.
शेवटच्याला ते छताकडे बघायचे.
दोघं बोलत काहीच नसत.
भाकरी कधी करपली नाही, एवढा तिला अंदाज होता.

'मी आलो', 'मी जेवलो',
आमच्या पेठेतल्या सगळ्या बायका बोलतात तसंच ती बोलायची.
पुण्याच्या शाळेत माझ्या निबंधातल्या
'आजी म्हणाली, मी आलो' ह्या वाक्याला
बाईंनी लाल गोल केला.
सुट्टीत मी तिला शिकवायला बसले.
'आले म्हण आजी, आले.'
मिरच्यांचे देठ खुडता खुडता ती दोनदा शिंकली.
'आलं मसाल्यात घालत्यात गं,' म्हणाली.
'मी आलो.'

फार चांगली होती, असं तेराव्याला सगळे म्हणाले.
दारामागं मिश्री लावायची, हे कुणी बोललं नाही.
पत्त्यांत पान लपवायची.
एका पितळी डब्यावरून धाकट्या जावेशी
तीन वर्षं बोलली नव्हती;
जाऊ आजारी पडल्यावर त्याच डब्यातून
तिला पेज पाठवत राहिली,
अबोला न सोडता.

पुराच्या साली पाणी तिसऱ्या पायरीला लागलं.
तालमीची पोरं होडी घेऊन दारात,
आणि खालच्या खोलीत आजोबांचे लाकडी पॅटर्न
तरंगायला लागलेले: गियर, पुली, पंपाचे पंखे.
पातळ खोचून मांडीभर पाण्यात
एकेक चाक कडेवर घेऊन ती माळ्यावर चढवत होती.
'थांबा रे. आणि सात हायत.'
तिची लग्नातली ट्रंक खालीच राहिली.
हे आमच्या लक्षात आलं चिखल उपसताना.
आत शालूचा लगदा,
आणि सातवीतलं एक प्रशस्तिपत्र:
हस्ताक्षर, प्रथम क्रमांक.
इतकी वर्षं आम्ही तिला फक्त
दुधाचा हिशोब लिहिताना बघितलं होतं.
तिनं तो कागद गच्चीवर विटेखाली ठेवला.
'वाळंल,' म्हणाली.
वाळला. अक्षरं नव्हती.

तेराव्याच्या रात्री पाहुणे गेल्यावर
आजोबा एक सागवानी चाक मांडीवर घेऊन बसले.
म्हणाले, लोखंड गार झालं की आकसतं.
म्हणून पॅटर्न जरा मोठाच करायचा,
किती मोठा, ते नवख्याला कळत नाही.
मग बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, 'दोन भाकरी रोज जादा थापायची.
मी ओरडायचो.'
शेजारच्या खोलीत आई रडायला लागली.
मला तेव्हा काही कळलं नाही.
नंतर मोजलं तेव्हा आठवलं,
त्या दोन भाकरी उरल्या असं
कधीच झालं नव्हतं.

सीपीआरला नेताना रिक्षात बसायच्या आधी
ती उंबऱ्याकडे वळून म्हणाली होती, 'येतो.'
आजोबा म्हणाले होते, 'ये.'

आज आठला मी त्यांची बटणं लावली.
माझी उलटी पद्धत, वरून खाली.
एक काज चुकलं, सगळं सोडून पुन्हा लावलं.
ते छताकडे बघत राहिले.
पुण्याची गाडी नऊची होती.
चप्पल घालताना माझ्या तोंडून गेलं,
'येतो, आजोबा.'
त्यांनी मान खाली केली
आणि नीट, पूर्ण, माझ्याकडे बघितलं.