रुमालाखाली

गाडी इटलीची. दोन सीटची.
नाव कुणाच्याच जिभेला वळेना,
म्हणून निपाणीत सगळे तिला 'तांबडी' म्हणायचे.
त्रेपन्न साली मुरगावच्या धक्क्यावर उतरली,
अनमोडच्या घाटानं वर आली;
जकात भरली की चुकवली, कागद बोलत नाहीत.
आरसी बुकावर शिक्के मात्र तीन:
मुंबई राज्य, म्हैसूर राज्य, कर्नाटक.
गाडी तंबाखूच्या वखारीत जागच्या जागी,
राज्यंच तिच्यावरून गेली.

पायगोंडा मगदूम वारले. पोरं विकायला निघाली.
पुण्याहून दलाल आला, सेठना,
पांढरे बूट, हातात टॉर्च.
पहिलं वाक्य: "धुऊ नका."
उंदरानं कुरतडलेली सीट तशीच असू दे,
धूळ विकली जाते मिस्त्री, पॉलिश नाही.
फोटो तीनच. चौथा हवा असेल त्यानं फोन करावा.
राखीव किंमत बायकोलाही सांगायची नाही.
आणि बोली लावणारे दोनच पुरेत,
एकमेकांना ओळखणारे,
एकमेकांवर जळणारे.

मी मान हलवत होतो.
उद्यमबागेत लेथवर चाळीस वर्षं गेली,
पण धुळीचा भाव मला कुणी सांगितला नव्हता.

मग त्यानं बॉनेट उघडलं.
आत अँबॅसेडरचं डिझेल इंजिन.
"मूळचं कुठाय?"
नंबर जुळला तर अडीच कोटी.
नाही जुळला तर सव्वा,
तेही गिऱ्हाईक आंधळं असेल तर.

कुठाय ते मला ठाऊक होतं.
एकोणऐंशीत मीच काढलं होतं ते,
नऊशे रुपयांना गेलं, पावती नाही.

संकेश्वरच्या अलीकडं, हिरण्यकेशीच्या काठाला
बाळाप्पा हंजीचं गुऱ्हाळ.
चिपाडांच्या ढिगाआड चार सिलिंडर,
तीस गळितं रॉकेलवर ओढून
आता पडून होते.
काकवीचा वाळका थर मी स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडला,
एकेक आकडा वर आला.
सेठनानं वाचले. चेहरा दगडाचा ठेवला,
त्याचेच तर त्याला पैसे मिळतात.

"भंगार आहे," म्हणाला. "पंचवीस हजार?"
बाळाप्पानं काकवीची वाटी पुढं सरकवली.
"पन्नास?"
"कोडोदिल्ला."
"लाख. रोख."
"कोडोदिल्ला री."
सेठना माझ्या कानाशी आला:
"याला हे कुणी शिकवलं?"
कोण शिकवणार?
जन्म गेला त्याचा गुळाच्या बाजारात,
आडत्याचं घसा खाकरणं ऐकून
ढेपेचा भाव ओळखण्यात.

मग बाळाप्पानं खांद्यावरचा रुमाल काढला.
"मिस्त्री, तूच ये की.
माणूस हुशार हाय, खरं त्येला बोटं वाचाय येत न्हाईत."
जुनी रीत. बोलायचं नाही.
रुमालाखाली हात,
जितकी बोटं तितका भाव,
बाजाराला कळतो तो फक्त कापडाचा हालता उंचवटा.

त्यानं अख्खा पंजा माझ्या हातात दिला.
मी मोजू लागलो.
अंगठा. एक. दोन. तीन.
आणि करंगळी
पेरापाशीच संपली.

शहाऐंशीचं गळीत.
इंजिन वेळेवर थांबलं नव्हतं,
चरकानं ओढून घेतली होती.
क्लच मी बसवला होता.
तेव्हा तो काही बोलला नव्हता, आताही बोलेना,
नुसता बघत होता,
साडेचार म्हणतोय हा, की पाच.

सेठना घड्याळ बघत होता.
रुमालाखाली दोघांचे हात घामेजले.
"पाच लाख," मी म्हणालो. "पुरे पाच."
बाळाप्पानं रुमाल झटकला, घडी घातली,
आणि पोराला हाक मारली, कन्नडमधून,
साखळदंड आण म्हणून.

दिवाळीनंतर मगदुमांच्या पोरानं कॅटलॉग दाखवला.
गुळगुळीत कागद, फोटो तीनच.
खाली बारीक अक्षरात:
इंजिन मूळचं. नंबर जुळतो.
वापर एकहाती.