पाठ

शर्वाणी म्हणते, बाबा, हळू बोला ना,
मी समोरच बसलेय.
मी हळूच बोलत असतो.
म्हणजे माझ्या हिशेबाने.

माझा हिशेब भद्रावती पेठेतला,
पत्र्याखालच्या चार मागांचा.
कारखाना आणि घर यांच्यात भिंत नव्हती,
एक जुनी चादर होती, ती पण थंडीत अंगावर यायची.
माझ्या झोळीची एक दोरी खिडकीच्या गजाला,
दुसरी मागाच्या लोखंडी पायाला.
अम्मा सांगते, तुला कधी झोका द्यावा लागला नाही.
धोटा जायचा-यायचा, तू झोपायचास.
वीज गेली की मात्र
अख्ख्या गल्लीतली पोरं एकदम उठायची,
शांततेने दचकून.
आणि ते रडणं झाकायला
खडखडही नसायची.

घरात कुणी कुणाला हाक मारत नसे.
नानांनी भुवई उचलली : पाणी.
दोन बोटं : कांडी संपली.
अम्मा उंबऱ्यात, सूप मांडीवर, विड्या वळत.
तिचे ओठ हलायचे
आणि मी त्या टोकाहून वाचायचो :
जेवलास का. नाक पूस. मागाजवळ जाऊ नको.
अक्षरांच्या आधी मला ओठ वाचता आले,
तेलुगूतले, मराठीतले,
शिव्या तर कन्नडमधल्यासुद्धा.

शाळेत गेल्यावर कळलं,
हे दुसऱ्या कुणाला येत नाही,
आणि सगळ्यांना जे येतं
ते मला नाही.
दुसरीच्या बाई फळ्यावर लिहिता लिहिता शिकवायच्या.
त्यांनी पाठ फिरवली की
माझा पाठ संपायचा.
वर्ग माना डोलवायचा,
मी त्यांच्या पदराचा काठ बघत बसायचो.
काठ कळायचा मला. कुठे धागा सुटलाय, तेसुद्धा.
प्रगतिपुस्तकात शेरा आला :
लक्ष नाही. मंद वाटतो.
अम्माने तंबाखूने पिवळा झालेला अंगठा
त्याच्या बरोबर खाली उठवला.

चौथीत हिरेमठ बाई.
मार्चमधलं ऊन, मी आठ दिवस गैरहजर,
कांड्या भरत होतो.
बाई दारात येऊन उभ्या राहिल्या, काहीतरी म्हणाल्या.
नानांना ऐकू आलं नाही, अम्माला नाही,
मी म्हणालो, ताप नव्हता बाई, काम होतं.
बाई थांबल्या.
मग आवाज न काढता नुसते ओठ हलवले :
सात पाचे?
मी तीन बोटं दाखवली, मग पाच.
त्यांनी तांब्याभर पाणी प्यायलं आणि गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून
लिहिणं झालं की बाई वळायच्या,
आणि मग बोलायच्या.
एवढंच. वर्षभर.
त्यात वेळ गेला म्हणून
इतिहासाचे दोन धडे राहिले,
ते आजही मला येत नाहीत.

शेजारच्या शेडमधला अंजय्या मेरगू
माझ्याहून हुशार होता.
गणित तर तो विड्यांच्या कट्ट्यांवर करायचा,
पंचवीसच्या पाढ्यात.
त्याच्या दारात कुणी आलं नाही.
कधी अशोक चौकात भेटतो, टेम्पो लावून,
भोवती हॉर्नचा कल्ला,
तो माझ्या ओठांकडे बघतो, मी त्याच्या,
आणि आमचं बोलणं अगदी नीट होतं.

आता जुळे सोलापुरात तिसरा मजला.
दारं रबर लावलेली, आवाज न करता मिटणारी.
मिक्सर लावला की शर्वाणी कानांवर हात ठेवते.
ही शांतता तिच्यातून काय विणतेय
मला कळत नाही.
काठ अजून दिसत नाही.

रात्री ती भिंतीकडे तोंड करून अभ्यास करते
आणि तशीच, पाठमोरी,
मला काहीतरी सांगत असते. लांबलचक.
मी उठतो,
टेबलाला वळसा घालून
भिंत आणि टेबल यांच्या मधल्या बोळात
कसाबसा शिरतो, तिच्या समोर.

काय, ती म्हणते.
काही नाही, मी म्हणतो, बोल.
हळूच म्हणतो. बहुतेक.